गाडी चालवणारीचं नाव

नवी खोली, दुसरा मजला
३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोन मुद्दामच केला नाही. फोनवर मी चिडते, तू माझ्याहून मोठ्यांदा चिडतोस आणि मग दोघंही वहिनीकडे एकमेकांच्या चुगल्या करतो. म्हणून पत्र.

आधी चांगली बातमी. नोकरी मिळाली! घरोघरी जाऊन ड्रेसिंग करायचं, इंजेक्शनं द्यायची, ऑपरेशन होऊन घरी आलेल्यांचे टाके बघायचे. परदेशात बावीस वर्षं, आधी वॉर्डात आणि मग घरोघरी, केलं तेच काम. संस्थेच्या मुख्य नर्सबाईंनी माझी सर्टिफिकिटं बाजूला ठेवली, एका आजोबांच्या पायाचं ड्रेसिंग करायला लावलं आणि तिथल्या तिथे हो म्हणाल्या. अट एकच: माझ्याकडे विमा उतरवलेली गाडी हवी आणि विम्याचा कागद एकतीस तारखेच्या आत त्यांच्या टेबलावर हवा. नाहीतर यादीत पुढे दुसऱ्या बाईचं नाव आहे.

गाडी घेतली. निळी, छोटी, बरीच जुनी. मागचं दार आपटल्याशिवाय लागत नाही, पण इंजिन ठणठणीत आहे. घोडं अडलंय ते विम्यावर. चार कंपन्या पालथ्या घातल्या. प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न: इथे अपघाताशिवाय गाडी चालवल्याची किती वर्षं? एकही नाही. मग कॉम्प्युटर मला कालच लायसन्स मिळालेल्या पोरांच्या रांगेत बसवतो आणि गाडीच्या निम्म्या किमतीचा हप्ता सांगतो. चौथ्या कंपनीतल्या चष्मेवाल्यांनी तर मला सावकाश, समजावून सांगितलं की नवीन चालकांनी सुरुवातीला मोकळ्या रस्त्यावर सराव करावा. एकोणपन्नासाव्या वर्षी नवशिकी झाले, दादा. अभिनंदन कर!

ते म्हणाले, परदेशातल्या जुन्या कंपनीनं लिहून दिलं तर ती वर्षं धरता येतील. आजच मागवते. वहिनीच्या पाठीचं काय? तिला नमस्कार.

तुझी,
भिंगरी


जुनंच घर
९ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. नोकरीचं वाचून तुझ्या वहिनीनं टाळ्या वाजवल्या, मी मनातल्या मनात. तुझी चार कंपन्यांशी भांडणं झाली असणार, हे तू लिहिलं नाहीस तरी मला कळलं. बेचाळीस वर्षांपूर्वी शाळेच्या बाईंशी भांडून आलेली भिंगरी मीच घरी आणली होती.

आता शांतपणे ऐक. माझी तीस वर्षं स्वच्छ आहेत. एकदाही भरपाई मागितलेली नाही, कंपनी मला जावयासारखं वागवते. तुझी गाडी माझ्या नावावर लावू. मुख्य चालक मी, आणि खाली 'कधीमधी चालवणारी' म्हणून तू. हप्ता पावपट होतो, मी एजंटाला विचारून ठेवलंय. फॉर्म भरून, सही करून सोबत पाठवतोय. तू फक्त खालच्या चौकोनात सही कर आणि उलट टपाली धाड. सगळे असंच करतात. कोण बघायला येतंय?

उगाच डोक्यात राख घालून घेऊ नकोस. पुष्कळ दिवसांनी परत आली आहेस, आता जरा सुखानं राहा.

तुझा,
दादा

ता. क. ब्रेक तपासून घे.


नवी खोली
१४ मार्च

ती. दादास,
सा. न.

तुझा फॉर्म परत पाठवतेय. फाडणार होते, पण तुझं अक्षर फार सुरेख आलंय म्हणून फाडला नाही.

जुन्या कंपनीचं उत्तर आलं. त्यांच्या दप्तरात मी नाही. पॉलिसी नवऱ्याच्या नावावर, मुख्य चालक तो, आणि खाली एका ओळीत मी. काय म्हणून, सांगू? कधीमधी चालवणारी. शब्द न् शब्द तोच. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात त्यानं तो फॉर्म भरला, मी स्वयंपाकघरातून हात पुसत आले आणि सही करून परत गेले. वाचलासुद्धा नाही. त्यानंतर एकोणीस वर्षं दर साली तोच फॉर्म पुढे चालू राहिला.

आणि गाडी कोण चालवत होतं? ज्याला बंगल्याच्या दारातून गाडी उलटी काढता येत नव्हती तो? बाजार मी, दवाखाना मी, त्याला स्टेशनवर सोडणं मी, बर्फातून त्याच्या आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणं मी. तो शेजारच्या सीटवर पेपर वाचायचा आणि सिग्नल हिरवा झाला की मला सांगायचा. घटस्फोट झाला तेव्हा घराची वाटणी झाली, भांड्यांची झाली. ही वर्षं मात्र गुपचूप सगळीच्या सगळी त्याच्याकडे राहिली आणि मला कळलंही नाही.

म्हणून आता पुन्हा त्याच चौकोनात सही करणार नाही. तू प्रेमानं पाठवलास हे मला कळतं रे. पण ते खोटं आहे. उद्या रस्त्यात काही झालं आणि कंपनीनं विचारलं की ही बाई रोज दहा घरं फिरते ती कधीमधी चालवणारी कशी, तर तूही अडकशील आणि मीही. आणि ते राहू दे. पकडले जाणार नसू तरी नाही करणार. मी गाडी चालवते, तर कागदावर मी असले पाहिजे. बस्स.

सतरा दिवस उरलेत. राग आला असेल तर येऊ दे, पण पत्र लिही.

तुझी,
भिंगरी


जुनंच घर
१८ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

राग आला आहे. मी तुझं वाईट चिंतलं का कधी? बापाच्या जागी उभा राहून मदत करायला गेलो तर मला खोटारडा ठरवून मोकळी झालीस. नोकरी हातची गेली की तत्त्वाची भाजी करून खाणार आहेस का?

एवढंच खरं हवं असेल तर जावईबापूंनाच लिही. हो, मला तीच सवय आहे, तोंड वाकडं करू नकोस. त्यांनी चार ओळींत लिहून द्यावं की गाडी तूच चालवायचीस. त्यात कमीपणा कसला? तुला जमत नसेल तर मी लिहितो. मजकूर तयार आहे, पाकीटही आणलंय. तिकीट उद्या लावेन.

दादा


जुनंच घर, मागची खोली
१९ मार्च

प्रिय वन्संबाई,
अ. आ.

तुझ्या दादाचं पाकीट माझ्या पिशवीत आहे आणि तिकिटंही. तो सकाळपासून शोधतोय. शोधू दे.

तू त्या माणसापुढे हात पसरू नयेस, म्हणून हे लिहितेय. त्यानं लिहून दिलं असतं, नाही असं नाही. पण मग तू एकोणीस वर्षं गाडी चालवलीस ती त्याच्या मेहेरबानीनं, असंच झालं असतं. मला ते नको वाटलं.

दुसरं एक सांगते, हसू नकोस. तुझ्या दादाची तीस वर्षं स्वच्छ आहेत ना, त्यातली शेवटची सात माझी आहेत. मोतीबिंदूनंतर त्यानं गाडी चालवलीच नाही. कचेरीत मी सोडायची, निवृत्त झाल्यावर भाजीला मी नेते. फॉर्मवर तो. तुझं पत्र त्यानं मला वाचून दाखवलं आणि त्या चौकोनापाशी आल्यावर आम्ही दोघंही एकमेकांकडे बघेनासे झालो. संध्याकाळी त्याच्यावर चिडायला निमित्त नव्हतं, तरी चिडले. बरं वाटलं.

आता कामाचं. तुझी जुनी पत्रं काढून बसले होते. त्यात दर हिवाळ्यात तू रडगाणं गायचीस की दवाखान्याच्या पांढऱ्या गाडीचा हीटर बंद आहे, बोटं आखडतात, आणि गाडीची चावी घेताना वहीत सही करायला लावणारा तो खडूस गॅरेजवाला पेनसुद्धा देत नाही. अगं, पेशंटकडे जाताना ती पांढरी गाडी कोण चालवायचं? तूच ना? मग ती वही कुठे आहे?

पाठ बरी आहे. लवकर लिही.

तुझी,
वहिनी


नवी खोली
२९ मार्च

ती. दादास व वहिनीस,
सा. न. वि. वि.

वहिनी, तुझं पत्र जिन्यातच वाचलं आणि तिथेच पायरीवर बसले. अकरा वर्षं! अकरा वर्षं मी ती पांढरी गाडी चालवली आणि विमा कंपन्यांच्या दारात उभी असताना मला ती एकदाही आठवली नाही. कारण ते मला गाडी चालवणं वाटतच नव्हतं, नोकरी वाटायची. त्या माणसावर चिडून बसले होते की त्यानं माझी वर्षं खाल्ली, आणि इकडे अकरा वर्षं मीच मोजायची विसरले होते. दादा, आता तू हसलास तरी चालेल.

खडूस गॅरेजवाल्याला ई-मेल केला. दोन दिवसांत उत्तर. त्यानं एकही वही टाकलेली नाही. दर दिवसाची चावी कुणी नेली, किती किलोमीटर झाले, गाडी परत आली तेव्हा तिला कुठे काय लागलं, सगळं आहे, आणि समोर माझी सही. त्यानं दवाखान्याच्या कागदावर माझी अकरा वर्षं लिहून साहेबांची सही घेतली आणि खाली वहीच्या पानांच्या प्रती जोडल्या. शेवटी त्यानं लिहिलंय की त्याचं एक पेन अजून माझ्याकडे आहे. खोटं आहे ते.

कागद घेऊन काल पुन्हा त्याच चष्मेवाल्यांकडे गेले. त्यांना म्हटलं, नवशिकी आली आहे. त्यांनी पानं उलटली, आत जाऊन वरिष्ठांना विचारून आले आणि म्हणाले की कामाच्या गाडीची वर्षं धरता येतात, पण नियमानं जास्तीत जास्त नऊ. मी म्हटलं, नऊ तर नऊ. हप्ता निम्म्याहून खाली आला. दादाच्या हप्त्याइतका नाही, पण माझ्या पगारात बसतो.

मग ते एका पानावर थांबले. पाचव्या वर्षीचं पान. एका म्हाताऱ्या पेशंटच्या अंगणातून गाडी मागे घेताना मी त्यांचं लोखंडी फाटक ठोकलं होतं. वहीत मीच लिहिलं होतं, चूक माझी, फाटक वाकलं. चष्मेवाल्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले की हे पान जोडलंच पाहिजे असं नाही, त्यांनी ते पाहिलंच नाही असं समजा, हप्ता आणखी उतरेल. भला माणूस, दादा. अगदी तुझ्यासारखा.

मी ते पान त्यांच्या हातातून घेतलं, पुन्हा गठ्ठ्यात घातलं आणि गठ्ठा त्यांच्यापुढे सरकवला. म्हटलं, अहो, ते फाटक मीच ठोकलंय. तेही माझ्याच नावावर लावा.

आज सकाळी कागद मुख्य नर्सबाईंच्या टेबलावर ठेवला. उद्यापासून कामावर. वहिनी, तुमच्या पॉलिसीची तारीख जवळ आली की फॉर्म तू भर, आणि दादानं पेन दिलं नाही तर मला कळव.

माझ्यावर माया ठेवाच, पण भांडायचंही सोडू नका.

तुमची,
भिंगरी