साक्षीच्या वहीतलं अक्षर

५ ऑक्टोबर २०२०, सोमवार
उजवा अंगठा ठणकतोय. सकाळपासून मोबाइलवर एकतीस वेळा ‘शाब्बास’ पाठवलं — चौथीचा अख्खा वर्ग! ज्ञानदान करता करता जायबंदी झालेल्या या अंगठ्याची दखल शासन कधी घेणार? घरातला बामही संपलाय.

७ ऑक्टोबर
केंद्रप्रमुखांचा फोन. “किती प्रगत, किती अप्रगत, शनिवारपर्यंत भरा. अन् अप्रगत जास्त दाखवू नका सर, मंग कारणं लिहावी लागतात.”
“साहेब, शाळा बंद आहे, मुलं बघून सात महिने झाले.”
“वह्यांचे फोटो येतात ना बराबर? मंग!”
फोटोत वही असते, मूल नसतं. एवढं कळायला मला सात महिने लागले.

८ ऑक्टोबर
एक साक्षी मात्र खरी. मार्चमध्ये जोडाक्षर आलं की अडखळायची. आता गणितं बिनचूक, अक्षर रेखीव! पहिल्या नंबराला शाईपेन देईन, असं जूनमध्ये ग्रुपवर बोलून बसलोय. पेन आणून ठेवलंय. उद्या धावड्याला तिच्या घरी जाऊन देतो. एक तरी मूल शिकलं — माझी मदत असूनही!

९ ऑक्टोबर
गेलो नसतो तर बरं झालं असतं.
ओट्यावर साक्षीची आई, रूपाली. मांडीवर दोन महिन्यांचं बाळ, पुढ्यात साक्षीची वही, हातात पेन. मला पाहताच वही पदराखाली.
साक्षी उशिरा आली, बापामागून. कापूस वेचून. बोटं बोंडांनी ओरबाडलेली. मी वही मागून घेतली. “वाच बाळा, तूच लिहिलंयस.”
दुसऱ्या शब्दाला थांबली, ती थांबलीच. मार्चमध्ये निदान ओळ तरी संपवायची!
“माझ्या जागी जाती वो सर,” रूपाली म्हणाली. “आधी खुरपायला, आता वेचायला. तुम्ही नाव कमी करताल म्हणून मीच लिहून राह्यले. सातवीतून शाळा सुटल्ती माझी. पहिलं पहिलं हातच चालत न्हवता.”
पेन खिशातच राहिलं. बाकीच्या तीस वह्या कोण लिहितंय? विचारायची हिंमत नाही.

१० ऑक्टोबर, शनिवार
फॉर्ममध्ये ‘माहीत नाही’ असा रकाना नाही. एकतीसच्या एकतीस अप्रगत भरले. कारण — ‘शिक्षकाने मुले पाहिलेली नाहीत.’
दहा मिनिटांत फोन. “सर, डोकं ठिकाणावर आहे का? बदलून टाका जल्दी!”
नाही बदललं. शौर्य वगैरे काही नाही. साक्षीपुढे ‘प्रगत’ लिहायला हातच गेला नाही.

१२ ऑक्टोबर
संध्याकाळी, दिवसाची वेचणी आटोपल्यावर धावड्याला गेलो. अंगणात सतरंजी टाकून साक्षीला काना-मात्रेपासून बसवलं. पेन रूपालीपुढे धरलं.
“साक्षीचं बक्षीस ना हे?”
“नाही. पहिला नंबर तुमचा आलाय.”
तिने बाळाला कडेवर घेतलं, वही उचलली आणि सतरंजीवर लेकीशेजारी येऊन बसली.