दुधाचा खोका

बेनिन सिटी,
रविवार

एहिगिए उस्ताद,

तुम्हाला नमस्कार लिहायला माझा हात वळत नाही.

काल तुम्ही दवाखान्यात दुधाच्या डब्यांचा खोका आणलात आणि माझ्या नवऱ्याला, ओसारेतिनला म्हणालात, "पी रे, आतला रंग धुऊन निघतो." मला तुमची किळस आली. तुमच्या शेडमध्ये गाड्या रंगवताना त्याने मास्क मागितला, की तुम्ही हेच दूध त्याच्या हातात ठेवायचात. रंगातलं शिसं त्याच्या रक्तात उतरलं आणि मूत्रपिंडं गेली. आता डॉक्टरांनी दूधसुद्धा बंद केलंय. तरी तो भाबडा म्हणाला, "उस्ताद, तुमचे फार उपकार आहेत."

आणि तुम्ही? "लवकर बरा हो, ती लाल बस अर्धीच राहिलीय!"

मग स्टुलावर बसून तुम्ही बुटांच्या नाड्या सैल केल्यात. तुमचे घोटे अगदी त्याच्यासारखेच सुजलेत. मी ते पाहिलं.

हे पत्र तुम्ही एकट्याने वाचून फाडाल, म्हणून पाठवत नाही. उद्या मीच शेडमध्ये येते. सगळ्या रंगाऱ्यांसमोर तुम्हाला पँट वर करून ते घोटे दाखवायला लावीन. मग रक्ताच्या तपासणीला चला, हे तुम्हाला किंवा त्यांच्यातल्या कोणालाच वेगळं सांगावं लागणार नाही.

तुमची कोणीही नसलेली,
इयोबोसा