चार पानांचा राग

११ जुलै
विहारात वर्षावासाची यादी लागली. तीन महिने रोज संध्याकाळी एकेकाने ग्रंथ वाचायचा, कोणाचा दिवस कोणता ते त्यात असतं. माझं नावच नाही! दोनदा वरून खाली पाहिलं, एकदा खालून वर. गेल्या वर्षी वाचताना दुसऱ्याच ओळीला माझा आवाज कापला, आणि यादी करणाऱ्या बापूरावांनी ग्रंथ माझ्या हातातून घेऊन स्वतः वाचला. साऱ्या बायकांसमोर! म्हणजे मला कायमचंच खोडलं.

पुलगावला बचत गटाच्या प्रशिक्षणात मॅडम म्हणाल्या होत्या, मनात जे येतं त्याला नाव द्या आणि लिहून काढा. लिहिते — राग.

१२ जुलै
विहारात गेले. बापूरावांना म्हटलं, एक दिवस मला पाहिजे. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि मुकाट्याने ३ ऑगस्ट लिहून दिलं. काही बोलले असते तर बरं झालं असतं. मी घरून उत्तर तयार करून नेलं होतं!

१८ जुलै
माझ्या वाट्याला चार पानं, एका लुटारूची गोष्ट. सकाळी घरचा ग्रंथ शिलाई मशीनवर टेकवते, समोर खुंटीवर गिऱ्हाइकाचा ब्लाउज लटकलेला असतो, त्यालाच बापूराव समजते आणि वाचते. आवाज काय खणखणीत निघतो — मंदाबाई, इतकी वर्षं कुठे ठेवला होता? सासूबाई बाजूला तूर निवडत बसतात. आज म्हणाल्या, "तू वाचून राह्यली का भांडून राह्यली वं?"

२१ जुलै
राग फार कामाचा! घड्याळ न लावता पाचला उठवतो. दोन पानं पाठ झाली.

२४ जुलै
बापूराव माझ्या शिलाईच्या दुकानात आले. जयभीम केला, पँट आखूड करायला दिली. मी तोंड फिरवून माप घेतलं. शेवटी राहवलं नाही, विचारलंच — माझं नाव का गाळलं होतं?

त्यांना नवल वाटलं. "मंदाबाई, मागच्या साली विहाराच्या पायरीवर तुम्हीच रडत म्हटलं होतं मले, माझं नाव आता कधीच लिहू नका. म्हणून नाई लिहिलं."

म्हटलं होतं. चांगलं आठवलं.

२५ जुलै
वाचलं नाही.

२६ जुलै
आजही नाही. सकाळी सातपर्यंत झोपले. बापूरावांवर चिडायचा पुष्कळ प्रयत्न केला. त्यांची पँट हातात होती, दोन इंच जास्त कापायची संधी होती! नीट शिवली.

मागची पानं चाळली. जिथे राग लिहिलाय तिथे लाज लिहायला हवं होतं. मला माझीच लाज वाटत होती, बापूराव आयते सापडले. पण राग गेला तशी वाचायची हौसही गेली. आता ३ तारखेचं काय करू? उद्या जाऊन नाव काढून घ्यावं.

२७ जुलै
गेलेच नाही. सकाळी सासूबाई मशीनजवळ येऊन बसल्या, मांडीत तूर नव्हती. म्हणाल्या, "मंग त्या लुटारूचं समोर काय झालं? दहा दिवस झाले, तू दोनच पानं वाचून राह्यली."

त्यांना अक्षर येत नाही. आणि मला येतं, तरी मलाही माहीत नव्हतं पुढे काय झालं! मी ब्लाउजशी भांडत होते, गोष्ट वाचलीच नव्हती. मग पुढची दोन्ही पानं त्यांना वाचून दाखवली, सावकाश. लुटारू सुधारला तोवर चहा उतू जाऊन गॅस विझला होता. दोघी खूप हसलो.

३ ऑगस्ट
वाचलं! आवाज कापला — दुसऱ्याच ओळीला. थांबले, पाणी प्याले. बापूराव जागचे हलले नाहीत. सासूबाई तिसऱ्या रांगेत होत्या, त्यांना सांगते आहे असं समजून पुढे गेले. चारही पानं पूर्ण. शेवटी सगळे "साधु, साधु, साधु" म्हणाले तेव्हा मला रडू आलं, आणि मी येऊ दिलं.

४ ऑगस्ट
सासूबाई सकाळी एकट्याच विहारात जाऊन आल्या. पुढच्या वर्षीच्या यादीत स्वतःचं नाव लिहायला सांगून आल्या! एकाहत्तराव्या वर्षी! मी म्हटलं, अहो, पण वाचाल कसं? माझ्याच हातातला पेन घेतला, ही वही स्वतःकडे ओढली. "साल पडलं आहे अजून. अ कसा काढतेत, दाव मले."