जबाबात न घेतलेलं

रविवार, ९ मार्च
सकाळी १०.३५

प्रिय भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. वर वेळ लिहिली ती सवयीने. खोडणार होतो, पण राहू दे.

आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या आईची सहामाही तपासणी मंगळवारी झाली, सगळं ठीक निघालं. तिने तुला कळवलंच असेल. माझे गुडघे कुरकुरतात. आमच्या खासगी तपासाच्या धंद्यात साक्षीदार नेहमी चौथ्या मजल्यावर राहतात आणि लिफ्ट नेहमी बंद असते, त्याला इलाज नाही. गॅलरीतल्या कुंड्यांना मी पाणी घालतो आणि तुझी आई म्हणते की जास्त घालतो.

फोनच केला असता, पण फोनवर आपलं कसं होतं ते तुला माहीत आहे. मी विचारणार आणि तू 'हो', 'नाही', 'माहीत नाही' म्हणणार, वकिलाने पढवून आणलेल्या साक्षीदारासारखी. एकदा तर 'आठवत नाही' म्हणालीस, आणि मी विचारलं होतं की दुपारी जेवलीस का. फोन ठेवल्यावर मी हसलो, आणि मग दिवसभर वाईट वाटत राहिलं. म्हणून हे पत्र.

सध्या एका गोदामाचं काम हातात आहे. खोकी ठेवायचा लोखंडी रॅक कोसळला आणि एका हमालाच्या कमरेचं हाड मोडलं. मालक म्हणतो, तो स्वतःच रॅकवर चढला होता. हमालाच्या वकिलाने मला साक्षीदार शोधायला सांगितलं. सात जणांना भेटलो. सातही जण नेमके त्याच वेळी चहाला गेले होते. इतकी माणसं एकदम चहाला जातात ते गोदाम चालतं कसं, देव जाणे.

आठवी भेटली ती पॅकिंगवाली बाई. पन्नाशीची असेल, एका खोलीत एकटी राहते. वर्षानुवर्षं चिकटपट्टी ओढून बोटांची टोकं गुळगुळीत झालेली. मला खुर्ची दिली आणि स्वतः उलट्या बादलीवर बसली. दोन तास बोलली. रॅकच्या खालचे दोन नट निघालेले तिने चार दिवस आधीच पाहिले होते. सुपरवायझरला सांगितलं, तर तो म्हणाला, 'तू तुझी खोकी बघ.' मला आणखी काय हवं होतं! घरी येऊन चार पानांचा जबाब तयार केला आणि दुसऱ्या दिवशी तिला वाचून दाखवायला गेलो. वाचून दाखवल्याशिवाय मी कुणाची सही घेत नाही.

तिने डोळे मिटून सगळं ऐकलं. मग म्हणाली, "खरं आहे हो सगळं. पण मी सही नाही करायची."

"का हो?"

"तो त्या रॅकखाली जाताना मला दिसला होता. मी 'थांब' म्हणाले नाही. सुपरवायझर तिथेच उभा होता, आधीच त्याची बोलणी खाल्ली होती. मूग गिळून बसले. हे काल सांगितलं तुम्हाला. तुम्ही घेतलं नाहीत."

मी म्हटलं, बाई, ते प्रकरणाच्या कामाचं नाही. उलट समोरचा वकील तेवढंच धरून तुम्हाला रडकुंडीला आणेल.

"तुमच्या कामाचं नसेल. माझ्या आहे. जबाब माझाच आहे ना?"

लिहिलं मग. तिने एकेक अक्षर जपून सही केली. ते वाक्य वाचून वकीलसाहेबांनी कपाळावर हात मारला आणि 'तुम्हीसुद्धा हे लिहून घेतलंत?' असं मला विचारलं.

आता मुद्द्यावर येतो. तुझी आई म्हणते की स्वतःच्या मुद्द्यावर यायला मला आधी दुसऱ्याचा मुद्दा लागतो.

सहा वर्षांपूर्वीचा तुझा जबाब माझ्या कपाटात आहे. तीन पानं, प्रत्येक पानाखाली तुझी सही. बापाने एकोणीस वर्षांच्या पोरीला जेवणाच्या टेबलाशी बसवून तिचा जबाब लिहून घेतला, हे ऐकून कुणीही मला वेड्यातच काढेल. तू तीन आठवडे दुपारचे तास बुडवत होतीस. माझ्या डोक्यात आलं, कुणी मुलगा असणार. तू लिहून दिलंस की मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते. दुसऱ्या दिवशी मी त्या मैत्रिणीच्या घरी गेलो, तिचाही जबाब घेतला, आणि संध्याकाळी दोन्ही कागद तुझ्यासमोर शेजारी शेजारी मांडले. तू एक अक्षर बोलली नाहीस. शेवटी आईच ओले हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "ती माझ्याबरोबर येत होती. दवाखान्यात."

जगाची गुपितं हुडकत हिंडणाऱ्याला आपल्या घरातलं कळलं नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा. ही गोष्ट मी चार लोकांत हसत हसत सांगतो, लोकही हसतात. पण इथपर्यंतच सांगतो. पुढचं सांगत नाही. पुढचं तू पाहिलं आहेस.

आई म्हणाली, छातीत गाठ आहे, रिपोर्ट शुक्रवारी येणार, मग नीट बसून सांगणार होते. आणि मी ते लिहून घेतलं. हातात पेन होतं, समोर तुझ्या जबाबाचं तिसरं पान होतं. ते उलटं करून मी लिहिलं: 'गाठ. डावी बाजू. तीन आठवडे. रिपोर्ट शुक्रवारी.' आणि मान वर न करता विचारलं, "डॉक्टरांचं पूर्ण नाव?"

तू म्हणालीस, "बाबा, पेन खाली ठेवा." दोनदा म्हणालीस. मी ठेवलं नाही. मग तूच उठलीस आणि आईला धरलंस.

मी भ्यालो होतो, भिंगरे. हात थांबला असता तर मी तिथेच भोकाड पसरलं असतं, आणि घरात आजारी तर ती होती. ही सबब आहे. खरी आहे, पण सबबच. तिची बातमी तिला तिच्या मनाप्रमाणे सांगू दिली नाही आणि ती सांगत होती तेव्हा तिच्याकडे पाहिलं नाही, ही दोन्ही पापं माझी. त्यानंतर तिच्या प्रत्येक फेरीला दवाखान्यात मी बरोबर होतो, म्हणून मला वाटलं की फिटलं. असं फिटत नाही.

काल तिची माफी मागितली. म्हणाली, "सहा वर्षं? एवढ्यात कोर्टातसुद्धा निकाल लागतो." मग बराच वेळ माझा हात हातात घेऊन बसली. तुझी माफी राहिली होती, ती आज मागतो. चुकलो मी, बाळा.

हल्ली तुझा फोन आला की आई गॅलरीत जाते आणि दार लोटून घेते. गेल्या आठवड्यात एवढंच म्हणाली, "लेकीला तुम्हाला काहीतरी सांगायचंय. वाईट नाहीये. पण तुमच्यासमोर बसायची तिला धास्ती वाटते." तुझ्या शहरात याच धंद्यातले माझ्या ओळखीचे दोघं आहेत. एकाला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत सगळं कळलं असतं. खोटं कशाला बोलू, नंबर लावलाही होता. जित्याची खोड. पलीकडे उचलायच्या आत बंद केला आणि कुंड्यांना पाणी घालायला गेलो. तुझी गोष्ट मला तुझ्याकडून ऐकायची आहे. तुला सांगायची नसेल तर ती मला कळली नाही तरी चालेल. चालेल म्हणजे जड जाईल, पण चालवून घेईन.

या पत्रात दोन ठिकाणी गिरगटलेलं दिसेल. तिथे प्रश्न होते.

तुझी तीन पानं सोबत पाठवतोय. नक्कल ठेवलेली नाही. फाड, ठेव, काय वाटेल ते कर, कागद तुझे आहेत.

आणि जमेल तेव्हा ये. कधी, कुणाबरोबर, किती दिवस, काही कळवायची गरज नाही. गप्प बसावंसं वाटलं तर आपण तिघंही गप्प बसू. साक्षीदाराने बोलावं म्हणून आम्ही मुद्दाम गप्प बसतो ना, तसलं नाही, साधं घरातलं गप्प. आणि बोलावंसं वाटलं तर बोल. बातमी कसलीही असो, या वेळी मी आधी तुझ्याकडे बघेन.

कुणाच्याही वतीने नव्हे,
फक्त तुझा,
बाबा