घरघर न करणारी गिटार

६ एप्रिल, रविवार
पूजा वेळेत झाली. ईश्वरीने मैत्रिणीची इलेक्ट्रिक गिटार आणली आहे. बसव जयंतीला मठात वाजवणार, माईकवर गाणारही. पण अ‍ॅम्प लावला की घरघर. तारांना हात लावला की थांबते. मी लावला, तरी थांबली. विभूतीचा हात आहे. ठरवले, लेकीला स्वतःची घेऊन द्यायची. निवडणार मी.

९ एप्रिल
वायरमन आश्रुबा येऊन गेला. म्हणे, वहिनी, खोट गिटारीत न्हाई, तुमच्या अर्थिंगमधी हाय. खड्डा पार वाळलाय, आठवड्याला दोन बादल्या पाणी सोडा. टँकर आठ दिवसांनी येतो आणि पिण्याचे पाणी मातीला? मी म्हणाले, तुमच्या घरी सोडा. आमचा फ्रीज बारा वर्षे चालतोय.

१४ एप्रिल, सोमवार
बीडला गेलो. दुकानात पहिली गिटार गोड, पण घरघर तशीच. दुसरी नुसती दणदणाटाची. तिसरीचे पिकअप, म्हणजे तारांखालचे आवाज पकडणारे डबे, दुहेरी कॉइलचे, घरघर पकडत नाहीत म्हणे. बटन ओढले की गोड, बारीक आवाजही निघतो. भजन, भावगीत, लग्नाचा ऑर्केस्ट्रा, सगळे एकीत. तीच घेतली. ईश्वरी दुकानातच रडली.

१८ एप्रिल
घरघर जवळजवळ गेली. आश्रुबाला मुद्दाम बोलावून ऐकवली. म्हणाला, आवाज गेला वहिनी, करंट कुठं गेला? लई बोलतो. चहा ठेवला नाही.

२२ एप्रिल
ईश्वरी म्हणते, गिटार धरून माईकजवळ तोंड नेले की ओठाला झिणझिण्या येतात. उन्हाळा आहे. ताक दिले.
हे म्हणाले, टाकू का गं बादलीभर खड्ड्यात? म्हटले, रविवारी भजनी मंडळ येणार, त्यांना काय पाजू?

२५ एप्रिल
आता पोरगी रबरी चप्पल घालून वाजवते. तेवढ्याने झिणझिण्या येत नाहीत म्हणे. मनाचे खेळ.

२७ एप्रिल, रविवार, दुपारी
तालमीला बाया पाच वाजता येतील. देवघरापुढची फरशी ओल्या फडक्याने लख्ख पुसली. ईश्वरी चप्पल घालूनच उभी राहते म्हणाली. देवासमोर? काढायला लावली. मंडळाच्या वत्सलाबाईंनी पाहिले असते तर मठात तोंड दाखवता आले नसते.

२८ एप्रिल, दवाखान्यात
काल तालमीत ओठ माईकला लागला आणि पोरगी आडवी झाली. गिटार हातातून सुटेना. यांनी मेन स्विच पाडला.
वाचली. डाव्या हाताच्या बोटांबद्दल डॉक्टर आत्ताच काही सांगत नाहीत.
ती माझ्याशी बोलत नाही. अशक्तपणा असेल.

२ मे
गिटार परत करायला मी स्वतः गेले. दुकानदाराने अर्धा तास वाजवून पाहिली. म्हणाला, काकू, एकदम चोख हाय, परत काहून देताय?
आवाज पसंत पडला नाही म्हणून सांगितले.