साठ रोपं, एका बैठकीत

१२ जून

प्रिय सूनबाई,
अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. फोनवर तू ‘बरं’ म्हणतेस, मी ‘बरं’ म्हणते आणि मग माझा लेक फोन ओढून घेऊन हवापाण्याच्या गप्पा मारतो. दीड वर्षं हेच चाललंय. कागदावर निदान मधे कोणी तोंड घालत नाही.

बातमी अशी की दवाखान्यातल्या तुझ्या फिशटँकमध्ये मी पुढची रोपं लावायला घेतलीत. तू लावलेली मागची उंच झाडं चांगली माजलीत, पण काचेलगतचा पुढचा पट्टा तसाच बोडका होता. बाकावर बसलेल्या पेशंटला आधी तोच दिसतो. माशांच्या दुकानदाराने दोन जाती दाखवल्या. एक म्हणे किडे खाणारं गवत. मी म्हटलं, हे दातातली कीडही खायला लागलं तर आमचा धंदा बसेल, नको. दुसरी चारपानी. बोटाच्या पेराएवढी, प्रत्येक देठावर चार पानं. ती सहसा कोणी ठेवत नाही, त्याने मुद्दाम मागवून दिली.

आता स्पष्टच लिहिते. दीड वर्षापूर्वी आपण दोघी मिळून पेशंट बघायचो, त्या शेवटच्या दिवशीही मी हाच पट्टा भरायला बसले होते. तीन पेशंटांच्या देखत तू माझ्या हातातला चिमटा काढून घेतलास आणि म्हणालीस, “राहू द्या आई, हात हलतोय.” संध्याकाळी मी तुला सांगितलं, उद्यापासून दवाखान्यात येऊ नकोस. त्याबद्दल आज काही लिहीत नाही. मी काय ठरवलंय तेवढं सांगते. एका बैठकीत साठ रोपं लावायची आणि एकही सुटू द्यायचं नाही. जमलं तर सत्तरीपर्यंत दवाखाना चालवणार. नाही जमलं तर पाटी उतरवणार.

काल पहिला प्रयत्न केला. पाणी निम्म्यावर आणलं, मुळांना चिकटलेला कापूस सोडवला, एकेक देठ वेगळा केला आणि आपल्या लांब चिमट्याने तिरपा खुपसला. सरळ खुपसला की तो निवांत तरंगत वर येतो. सतरावं रोप लावताना सोळावं बाहेर आलं. पहिल्या दिवसाला सतरा काही वाईट नाही.

तुझी सासू


२९ जुलै

प्रिय सूनबाई,
आशीर्वाद.

तुझं उत्तर आलं नाही. पण तुझा नवरा म्हणाला की पत्र वाचून तू ते कपाटात ठेवलंस. फाडलं नाहीस, म्हणजे दुसरं लिहायला हरकत नसावी.

आधी वाईट बातमी. लावल्यापासून आठवड्याभरात सगळी चारपानी सडली. पानं पारदर्शक झाली, विरघळली, टँकमध्ये नुसता चोथा. मी बाह्या सरसावून सगळं उपटणार, तेवढ्यात फिल्टर बदलायला दुकानदार आला. माझ्या हातातली जाळी बघून ओरडलाच, “अहो बाई, काय करताय! ती पानं हवेत वाढलेली होती, पाण्यात टिकणारच नव्हती. मुळं जिवंत आहेत. आता पंधरा दिवस हात मागे बांधून बसा.”

हात मागे बांधून बसणं मला किती जमतं ते तुला ठाऊक आहे. पण बसले. दिवा रोज आठ तास, गॅसचे बुडबुडे सेकंदाला एक, आणि आपण नुसतं बघायचं. अठराव्या दिवशी पहिलं पान आलं. एकच, तेही चमच्यासारखं! चारपानीला एक पान बघून मी दुकानदाराला फोनवर फैलावर घेतलं. तो हसत म्हणाला, “पाण्याखाली तिची मर्जी. कधी एक, कधी दोन, लहर लागली तर चार.” आता मातीवरून तिचे धागे सरकू लागलेत. त्यातले तोडून तोडून मी पुढची जागा भरते. काल एकतिसापर्यंत पोचले.

दवाखान्यात सध्या मोठी कामं कमीच घेते. उकाडा फार आहे. एक बसड्रायव्हर आहेत, त्यांचं रूट कॅनाल अर्धं राहिलंय. दोनदा येऊन गेले, दोन्ही वेळा मी पुढची तारीख दिली. बिचारे तक्रार करत नाहीत. बाकावर बसून पानं मोजतात आणि मला सांगतात, “डॉक्टर, त्या कोपऱ्यात आज दोनपानी आलीय.”

मी हट्टाला पेटलेय. साठ होणारच.

सासू


२७ ऑगस्ट

प्रिय सूनबाई,

साठ झाली.

काल दुपारी दोन ते साडेपाच. एकही रोप सुटून वर आलं नाही. शेवटचं खोचून चिमटा बाहेर काढला तेव्हा आनंदाने उडी मारावी असं वाटायला हवं होतं. मी खुर्चीवर बसून राहिले, कारण कशी झाली ते मला माहीत होतं. कोपर टँकच्या काठावर टेकलेलं. थरथर सुरू झाली की हात पाण्यात तसाच धरून ठेवायचा, थांबली की खोचायचं. काही रोपांना पाच-पाच मिनिटं लागली. रोपाला घाई नसते, आणि चुकून टोचलं तरी त्याला दुखत नाही.

आता जे दोन पत्रांत लिहिलं नाही ते लिहिते. पहिलं पत्र तुला पाठवलं त्याच्या तीनच दिवस आधी त्या बसड्रायव्हरांच्या दाढेवर काम करत होते. माझा हात हलला. ड्रिल सटकलं आणि जिभेची कड कापली गेली. दोन टाके घालावे लागले. तोंडात कापूस असतानाच ते बोबडं बोलले, “सॉरी डॉक्टर, मी हललो असेन.” आणि मी, चौतीस वर्षं हा धंदा केलेली बाई, त्यांना म्हणाले, “पुढच्या वेळी अजिबात हलायचं नाही.”

ते हलले नव्हते.

साठ रोपांचा खटाटोप त्यासाठी होता. साठ झाली की मला म्हणता येणार होतं, बघा, हात ठीक आहे, म्हणजे तेच हलले असणार. अडीच महिने मी त्या माणसाला तात्पुरतं सिमेंट भरून तारखा देत राहिले. मला याची लाज वाटते. तुझं बरोबर होतं आणि मी तुला दवाखान्याबाहेर काढलं, त्याचीही वाटते. मी चुकले. हे वाक्य लिहायला मला साठ रोपांपेक्षा जास्त वेळ लागला.

आज सकाळी त्यांना बोलावून खरं सांगितलं. म्हटलं, तुम्ही हलला नव्हता, माझा हात हलला. रागावतील, ओरडतील असं धरून चालले होते. ते म्हणाले, “अस्सं होय. मी रोज सकाळी आरशासमोर तोंड उघडून, दहा मिनिटं न हलता बसायचा सराव करत होतो. बायको हसायची मला.”

सूनबाई, मी वही काढली आणि त्यांच्या तारखेपुढचं माझं नाव खोडलं.

हात डॉक्टरांना दाखवून आलेय. गोळ्या दिल्यात. जिवाला धोका नाही, पण तोंडात अवजार घालायचं नाही. मी घालणारही नाही, हे डॉक्टरांनी सांगण्याआधीच ठरवलं होतं. टँक मात्र माझ्याकडे राहील. त्या किडेखाऊ गवताचीही ऑर्डर दिलीय.

सोमवारी साडेदहाला बसड्रायव्हर येणार आहेत. तुला न विचारता मी त्यांना तुझं नाव सांगून बसलेय, ही माझी जुनी खोड. तुझ्या आत्ताच्या दवाखान्यातून अर्धा दिवस सुटी काढावी लागेल. माझ्यासाठी येऊ नकोस. मला माफ केलंस असंही कोणी धरणार नाही. त्यांची दाढ पुरी करायला ये, आणि त्यांना आधीच सांग की थोडं हललं तरी चालतं.

सोमवारपासून बाहेर बसून पेशंटची नावं पुकारणारी,
तुझी सासू