आप्पामामांच्या अक्षता आणि बेपत्ता कार्ड

खारघर

तीर्थस्वरूप आप्पामामांना राजेश्वरीचा कृतानेक साष्टांग नमस्कार.

इकडे सगळे खुशाल. म्हणजे घरचे खुशाल, मी नुसती जिवंत. तुमचा गुडघा कसा आहे? चिपळूणला पोचल्यावर तेल लावलंत, की मामीला फक्त बाटली दाखवलीत? (उत्तर ठाऊक आहे, पण विचारायची रीत आहे.) तुम्ही मोबाइल उचलत नाही म्हणून पत्र, आणि पत्र म्हटल्यावर आता सविस्तर सोसा.

नवरात्रात तुम्ही आमच्याकडे होतात, तेव्हा विलाससरांनी (कॉलेजातले माझे साहेब) खंडेनवमीच्या पूजेला तुम्हाला मोठ्या मानानं बोलावलं. कॉलेजात शस्त्र म्हणून पुजायचं काय, तर मुलांचे निकाल सांभाळणारा सर्व्हर. तो काही चौरंगावर मावेना. सर म्हणाले, निदान त्याचं मुख्य हत्यार तरी काढून ठेवा. मीही शहाणी, झाकण उघडून नेटवर्कचं कार्ड काढलं आणि तुमच्यापुढे ठेवलं. (सर्व्हर बाहेरच्या जगाशी बोलतो तो या कार्डामार्फत.) तुम्ही त्याला गंध लावलंत, फूल वाहिलंत, आरती अशी खणखणीत म्हटलीत की दुसऱ्या मजल्यावरची लायब्ररी खाली आली. शेवटी उरलेल्या अक्षता तुम्ही उघड्या सर्व्हरवर सढळ हातानं उधळल्यात. मी फुंकलं, झटकलं, ब्रश फिरवला आणि कार्ड परत बसवलं. त्या दिवशी हत्यार चालवायचं नसतं, म्हणून मशीन बंदच ठेवलं.

दसरा झाला आणि माझे भोग सुरू झाले. मशीन चालू, नेटवर्क नाही. सर्व्हर चालवणाऱ्या लिनक्सला विचारलं, बाबा रे, बोलायचे मार्ग किती आहेत तुझ्याकडे? त्यानं एकच दाखवला, स्वतःचा स्वतःशी बोलायचा. (आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींकडेही तेवढाच आहे.) केबल बदलली. कार्ड चालवणारा ड्रायव्हर पुन्हा टाकला. जोडलेल्या कार्डांची यादी मागवली, तर त्यात आपलं कार्डच नाही. एवढी साग्रसंगीत पूजा झालेलं कार्ड, पण मशीनच्या लेखी ते जन्मालाच आलं नव्हतं. कंपनीच्या मदत केंद्रातला माणूस रिस्टार्ट करा म्हणाला. केलं. पुन्हा करा म्हणाला. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा म्हणायच्या आत मी फोन ठेवला. झाडलोट करणाऱ्या विमलबाई दारातून म्हणाल्या, "मॅडम, त्याला नजर लागली हाय. आमी फ्रीजला पन लिंबू बांधलाय, कदी बंद पडला नाय." मी नाही म्हणाले नाही. एव्हाना मी कशालाच नाही म्हणत नव्हते.

तुम्हाला ठाऊकच आहे, माझं कंत्राट या महिन्याअखेर संपतंय. निकाल वेळेत लागला तर कायम करण्यासाठी नाव वर पाठवतो, असा सरांचा शब्द होता. आता ते दारात येऊन नुसता उसासा टाकायचे. मामा, खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. घरी सांगायची सोय नाही, कारण आईनं पेढे कुठून आणायचे तेसुद्धा ठरवून ठेवलंय.

शेवटी सॉफ्टवेअरशी बोलणं सोडलं, झाकण उघडलं आणि कार्ड उपसून त्याच्या खाचेत बॅटरी मारली. तळाशी एक कुंकवाचा तांदूळ आडवा पडलेला! कार्ड त्याच्यावर टेकून तिरकं बसलं होतं. बारीक तांदूळ असता तर झटकल्यावर निघूनही गेला असता, पण तुम्ही घरचा जाडा तांदूळ पिशवीतून आणला होतात. चिमट्यानं तो काढला, कार्ड बसवलं, आणि सर्व्हर काही घडलंच नाही अशा थाटात बोलायला लागला. निकाल लागला. मामींना नमस्कार, छोट्याला पापा.

आपली,
राजेश्वरी

ता. क. – तुमचं नाव यात नको म्हणून मी सरांना एवढंच सांगितलं, कार्ड नीट बसलं नव्हतं. सर म्हणाले, म्हणजे तुम्हीच नीट बसवलं नव्हतं, आणि माझं नाव पाठवायचं थांबवलं. तेव्हा मामा, अक्षता तुमच्या होत्या, असं चार ओळींत सरांना लिहाल का? तुमचा शब्द ते मोडणार नाहीत.

ता. क. २ – पत्र पाकिटात घालण्याआधी राहवलं नाही आणि सरांना खरं सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. त्यांनी तो तांदूळ डोळ्यांना लावला, आणि "देवीचा प्रसाद काढलात कशाला? होता तिथे परत ठेवा," म्हणाले. हातापाया पडून मी तो सर्व्हरच्या माथ्यावर चिकटपट्टीनं लावलाय. येता-जाता सर नमस्कार करतात. माझा दोष नाही हे त्यांना पटलंय, नावही पाठवणार आहेत, फक्त मुहूर्त तुम्हीच काढून द्यायचा, असा त्यांचा हट्ट आहे. तेव्हा आधीचं राहू द्या. मुहूर्त महिनाअखेरच्या आतला काढा, मग पंचांग काहीही म्हणो. आणि सोबत अक्षता पाठवू नका.